कोकणच्या वाऱ्याचा हिशेब

मार्च संपत आला की आमच्याकडे एसीची कामे करणाऱ्या पोरांना जेवायला फुरसत मिळत नाही. माझ्याकडे येतो तो माझाच जुना विद्यार्थी. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची एक फेरी ठरलेलीच. या वर्षी त्याने गच्चीवरच्या युनिटचे झाकण काढले तर आतल्या ॲल्युमिनियमच्या पात्या बोट लावताच चुरत होत्या, पांढरी भुकटी हाताला लागत होती. वाटीत साबणाचा फेस करून तो तांब्याच्या नळीच्या एकेका सांध्यावर ब्रशने लावत गेला. तिसऱ्या सांध्यावर फेसात मोहरीएवढे बुडबुडे धरायला लागले. “सर, खारा वारा कुणाला सोडत नाय,” तो म्हणाला. मग नट सैल करून आत उरलेला गॅस त्याने मोकळा केला. फुस्स असा आवाज आला, नळीच्या तोंडाशी हिवाचा पांढरा थर धरला आणि पाहता पाहता विरून गेला. सांधा डागून झाला, पंपाने नळ्यांतली हवा ओढून झाली आणि वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून त्याने नवा ‘चारशेदहा’ भरला.

“तो जुना गॅस परत काढून घेता येत नाही का रे?” मी विचारले.

“येतो की. मशीन मिळतं त्याचं. पण सर, काढलेला गॅस घेणार कोण आणि ठेवणार कुठे?”

तो निष्काळजी पोरगा नाही. काट्यावर तोलून गॅस भरणारे आमच्या बाजूला थोडेच, त्यांतला तो एक. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. तो गॅस कुठे गेला हे मला सांगता येते. ‘चारशेदहा’ म्हणजे दोन हायड्रोफ्लुरोकार्बनांचे मिश्रण. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला त्याचा धोका नाही. पण उष्णता अडवून धरण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट. किलोभर सुटला की दोन टन कार्बन डायऑक्साइड सुटल्यासारखेच. त्याच्या आधीचा ‘बावीस’ जुन्या एसींतून अजून गळतो आहे, आणि त्यात क्लोरीन आहे. त्याच्याही आधी फ्रिजमध्ये ‘बारा’ असायचा. तो एकदा हवेत गेला की सरासरी शंभर वर्षे टिकतो, म्हणजे माझ्या लहानपणी गावात आलेल्या पहिल्या फ्रिजमधला गॅस आजही वर कुठेतरी आहे. एवढे सगळे मला फळ्यावर मांडता येते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावरून वर्षाला यातले किती वर जाते, हे मात्र सांगता येत नाही, कारण ते मोजणारे ठाणेच या किनाऱ्यावर नाही.

ते असायला हवे, हे माझे म्हणणे. समुद्राकडे तोंड करून असलेल्या एखाद्या उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माणसाने बनवलेल्या हॅलोकार्बन वायूंची, म्हणजे ‘चारशेदहा’, ‘बावीस’, ‘बारा’ यांच्यासारख्या क्लोरीन-फ्लोरीनवाल्या वायूंची, बारा महिने, रात्रंदिवस मोजणी करणारे कायमचे ठाणे. आपल्या माणसांनी चालवलेले, आणि ज्याचे आकडे कोणालाही पाहता येतील असे.

हिशेब आजही ठेवला जातोच, पण तो कागदावरचा. ओझोन वाचवण्यासाठी देशादेशांत झालेल्या माँट्रियल करारात एखाद्या देशाने एखाद्या वायूचा वापर किती केला हे काढण्याची रीत अशी: जेवढा बनवला त्यात आयात मिळवायची आणि निर्यात वजा करायची. ही दुकानदाराची वही झाली. सिलिंडर विकला गेला इथपर्यंतची गोष्ट ती सांगते. पुढे तो कोणाच्या गच्चीवर सुटला, भंगारात आलेल्या फ्रिजची नळी तोडताना किती गेला, शीतगृहाच्या भिंतीतल्या फोममधून वर्षानुवर्षे किती झिरपत राहिला, ते वहीत येत नाही. आणि वही लिहिणारा खरेच लिहितो आहे की नाही, हे वही चाळून कळत नाही. त्याला हवाच तपासावी लागते.

हवेत हे वायू किती विरळ असतात ते भाताच्या हिशेबात सांगतो. तांदळाचे साधारण ४० दाणे एक ग्रॅम भरतात असे धरा. मग ५० किलोच्या ५ लाख पोत्यांत एक लाख कोटी दाणे झाले. त्या ५ लाख पोत्यांत एकच दाणा रंगवून टाकला तर जे प्रमाण पडेल, त्या मापाने हे वायू मोजायचे. सीएफसी-११ नावाचा वायू (सीएफसी म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन, ‘बारा’ त्यातलाच) या मापाने १९९० च्या दशकात २७० च्या जवळ गेला होता. आज तो २०० हून थोडा अधिक आहे. वर्षाला दोन-अडीच दाणे कमी झाले की एक, हा फरक ओळखायचा. यंत्र हवा ओढून अतिशय थंड केलेल्या बारीक नळीतून नेते. नायट्रोजन-ऑक्सिजन निसटून जातात, हे वायू आत अडकून राहतात. मग नळी एकदम तापवायची, सुटलेले वायू लांबच लांब केशनळीत सोडायचे. तिथून एकेक वायू आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि पुढचे वस्तुमानमापक त्याची ओळख पटवते. मध्ये मध्ये, आत काय किती आहे हे आधीच ठाऊक असलेला प्रमाण हवेचा सिलिंडर लावून यंत्राचीही परीक्षा घ्यायची. हे दोन-दोन तासांनी, वर्षानुवर्षे.

या सगळ्याची सुरुवात एका पश्चिम किनाऱ्यावरच झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये हॅलोकार्बन हुंगणारा एक विलक्षण संवेदनशील शोधक बनवला होता. १९६० च्या दशकाच्या शेवटी आयर्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर ॲड्रिगोल इथे त्यांना प्रश्न पडला, की उन्हाळ्यात समोरचे डोंगर झाकून टाकणारी ही धुरकट हवा येते कुठून? सीएफसी निसर्गात तयार होत नाही, तो कारखान्यातूनच येतो. तेव्हा ज्या वाऱ्यात तो जास्त, तो वारा माणसांच्या वस्तीवरून आलेला. धुरकट दिवशी युरोपच्या जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यात तो भरपूर सापडला. पण अटलांटिकवरून येणाऱ्या स्वच्छ वाऱ्यातही तो होताच, थोडा का होईना. महासागरावर फ्रिज कुठून आले? म्हणजे हा वायू जगभर साचतो आहे की काय? ते पाहायला १९७१-७२ मध्ये त्यांनी आपले उपकरण शॅकल्टन या संशोधन जहाजावर चढवले आणि इंग्लंडहून अंटार्क्टिकापर्यंत मोजत गेले. सगळीकडे तो सापडला. १९७३ मध्ये निष्कर्ष छापताना त्यांनी, या वायूपासून काही धोका संभवत नाही, असेही लिहून टाकले. पुढच्याच वर्षी मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी ते खोडून काढले: हे वायू खाली कशातच विरत नाहीत, म्हणून हळूहळू स्थितांबरात पोचतात, तिथे अतिनील किरण त्यांना फोडतात आणि सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा नाश करतो. लव्हलॉकचे मत चुकले, पण मोलिना-रोलंड उभे राहिले ते त्यांच्याच आकड्यांवर. शास्त्रात असे होते आणि म्हणून मोजणाऱ्याने मताची घाई न करता आकडे नीट जपून ठेवावेत असे मी मुलांना सांगत आलो.

याच कथेत आपला एक माणूस आहे. वीरभद्रन रामनाथन तरुणपणी सिकंदराबादला फ्रिजच्या कारखान्यात नोकरीला होते आणि फ्रिजमधून गॅस का गळतो हे शोधणे हे त्यांचे काम होते. पुढे अमेरिकेत गेल्यावर १९७५ मध्ये त्यांनी दाखवून दिले की सीएफसी उष्णता अडवून पृथ्वी तापवतात, आणि त्याचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो रेणूंच्या बरोबरीचा. माझ्या गच्चीवर साबणाचा फेस लावणाऱ्या पोराला मी ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

वरच्या हवेत हात घालणे हे खालच्यापेक्षा अवघड, पण तेही आपल्या देशात झालेले आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने जर्मन शास्त्रज्ञांसोबत १९८७, १९९० आणि १९९४ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडले. हा फुग्यांचा तळ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा. फुग्याखाली निर्वात केलेल्या पोलादी बाटल्या, भोवती द्रवरूप निऑन. ठरलेल्या उंचीवर झडप उघडली की हवा आत शिरते आणि भिंतीला लागून गोठते, त्यामुळे विरळ हवेतूनही भरपूर नमुना मिळतो. सोळा-सतरा किलोमीटरवर, जिथे आपल्याकडे तपांबर संपते, तिथपासून पुढे हे वायू कसे घटत जातात, ते या बाटल्यांनी दाखवले. ते नुसतेच कमी होत नव्हते, फुटत होते. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यातूनच खालची हवा स्थितांबरात चढते. जगाच्या ओझोनकडे जाणारा जिना आपल्या डोक्यावर आहे, म्हणून हैदराबादच्या त्या बाटल्यांचे मोल मोठे होते. पण फुगा वर्षाकाठी एखादा, तोही मोहिमेपुरता. रोजच्या नोंदीला ठाणेच लागते.

रोजची नोंद काय करते याचे ताजे उदाहरण शेजारचेच. २०१० पासून सीएफसी-११ चे उत्पादन जगभर बंद, असे कागदोपत्री ठरलेले होते. २०१८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी जाहीर केले की २०१२ नंतर हवेतली त्याची घट मंदावली आहे, कुठेतरी तो पुन्हा बनतो आहे. कुठे? ते उत्तर दिले दोन बेटांनी: दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचे गोसान आणि जपानचे हातेरुमा. वारा पूर्व चीनकडून आला की तिथले आकडे उसळत. वाऱ्याचा माग उलटा काढत काढत २०१९ मध्ये शास्त्रज्ञ शांडोंग आणि हेबेई प्रांतांपर्यंत पोचले. वर्षाला सुमारे ७,००० टन जास्तीचा वायू तिथून निघत होता. पुढे कारवाई झाली, आकडे पुन्हा खाली आले. कोणत्याही वहीने हे दाखवले नसते. दोन किनारी ठाणी आणि धीराने मोजत बसलेली थोडी माणसे, एवढ्यांनी ते केले.

आता आपण कुठे आहोत? भारताने सीएफसीचे उत्पादन १ ऑगस्ट २००८ ला थांबवले, ठरलेल्या मुदतीच्या १७ महिने आधी. याचा मला अभिमान आहे. पण आपण शब्द पाळला याची साक्ष कोणाची? २०१६ च्या जून-जुलैत ब्रिटनचे संशोधन विमान उत्तर भारतावरून खालच्या उंचीने फिरले, बाटल्या भरून घेऊन गेले, आणि भारतातून निघणारे सीएफसी कराराला धरूनच आहेत हे त्या नमुन्यांवरून काढले गेले. आपल्या खरेपणाचा दाखला आपल्याला दोन महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्याच्या विमानातून मिळाला. पाहुण्याचे उपकार आहेतच. पण हे वायू मोजणाऱ्या ठाण्यांच्या, १९७८ पासून चालत आलेल्या जागतिक जाळ्यात आयर्लंड, बार्बाडोस, सामोआ, टास्मानिया, कोरिया, अलीकडे रवांडासुद्धा आहे, आणि आपल्या एवढ्या लांबलचक किनाऱ्यावरचे एकही नाव नाही. हे मला लागते.

आणि नेमकी हीच वर्षे मोलाची आहेत. माँट्रियल करारातल्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला हायड्रोफ्लुरोकार्बन २०२८ मध्ये गोठवायचे, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के उतरवायचे आहेत. कशाच्या ८५ टक्के? तर त्याचा पाया २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांचा. वहीतला पाया त्या तीन वर्षांत पडतो. हवेतला पायाही त्याच वेळी नोंदला गेला असता तर पुढची पंचवीस वर्षे दोन्ही शेजारी ठेवून पाहता आली असती. उशीर झालाच आहे. तो आणखी वाढवू नये.

ठाणे कोकणातच का, हे आमच्या दर्यावर्दी माणसाला समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याचे सगळे आयुष्य वाऱ्यावर. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारा विषुववृत्त ओलांडून, हजारो किलोमीटर नुसत्या पाण्यावरून येतो. ती हवा दक्षिण गोलार्धातली, जगातल्या स्वच्छ हवेपैकी एक. तिच्यात जे सापडेल तो जगाचा शिल्लक साठा. दिवाळी झाली की उलटे. वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतात आणि अर्ध्या उपखंडाची हवा सह्याद्री उतरून आमच्या किनाऱ्यावरून बाहेर पडते. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये रामनाथन आणि पॉल क्रुत्झेन यांच्या पुढाकाराने झालेल्या हिंदी महासागर प्रयोगात मालदीवपर्यंत पसरलेली जी मळकट हवा दिसली, ती याच वाटेने गेलेली. शिवाय हिवाळ्यात रोजच्या रोज रात्री मतलई, दुपारी खारे. एकाच जागी बसून सहा महिन्यांत जग मोजायचे, सहा महिन्यांत देश मोजायचा आणि दिवसा-रात्रीच्या फरकात आपला तालुका मोजायचा. अशी जागा निसर्गाने फार थोड्यांना दिली आहे.

हे नुसते तर्काने नाही सांगत. दक्षिण गोव्यात काबो द रामाच्या कड्यावर, समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, १९९३ पासून अहमदाबादच्या त्याच प्रयोगशाळेने ऑस्ट्रेलियन संस्थेबरोबर काचेच्या बाटल्यांत हवा भरायला सुरुवात केली. कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरे त्यातून मोजले गेले, आणि पावसाळ्यात समुद्राची हवा, हिवाळ्यात जमिनीची, हा फरक आकड्यांत लख्ख उमटला. २००२ नंतर मात्र त्यात खंड पडला. असे खंड पुन्हा भरून येत नाहीत. काल वाहून गेलेला वारा आज कोणत्याही यंत्राला सापडत नाही.

खंड न पडू देणे म्हणजे काय हे कोकणाने जगाला एकदा दाखवले आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सुई कुठे आहे, लिहून ठेवा. परत पाहा, परत लिहा. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या त्या प्रसिद्ध वादळात सुई कशी खाली गेली, तेही असेच लिहून ठेवले गेले. जवळजवळ दीडशे वर्षांनी, ते वादळ नेमके किती मोठे होते हे ठरवायची वेळ आली तेव्हा शास्त्रज्ञ कुलाब्याच्या त्या कागदांकडे वळले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय नोंदी अलिबागला हलवल्या. पण जुने ठाणे एकदम बंद केले नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजले, म्हणजे दोन्ही मालिका एकमेकींना जोडता येतील. अलिबागची ती नोंद आजही चालू आहे. ज्या किनाऱ्यावर ही शिस्त रुजली तिथे हवेचे ठाणे परके वाटणार नाही.

आता एक नाजूक गोष्ट. लोकांना हॅलोकार्बन म्हटले की फ्रिज-एसी आठवतात. पण आमच्याकडे लोटे, महाड, रोहा, तळोजा इथे रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत, आणि औषधांच्या धंद्यात ‘एमडीसी’ हा द्रावक सर्रास लागतो. शास्त्रातले त्याचे नाव डायक्लोरोमिथेन. ड्रमचे बूच उघडे राहिले की तो उडून जातो. सहाएक महिन्यांत हवेत तो विघटित होतो, म्हणून माँट्रियल करारात त्याला घेतलेलेच नाही. करार झाला तेव्हा समजूत अशी, की सहा महिन्यांत हा बापडा ओझोनपर्यंत कुठला पोचतोय. पण मोसमी ढग त्याला काही दिवसांत वर नेतात. कोकणावरचे पावसाचे ढग तुलनेने बुटके. खरे उंच ढग बंगालच्या उपसागराकडे आणि हिमालयाच्या पायथ्याशी उभे राहतात, आणि पश्चिमेचे वारे सगळा माल तिकडेच नेऊन घालतात. एका जर्मन प्रवासी विमानाच्या पोटात यंत्रांचा डबा बसवून २००८ मध्ये फ्रँकफर्ट-चेन्नई वाटेवर मोजले तेव्हा पावसाळ्यात हा वायू दहा-बारा किलोमीटरवर वाढलेला सापडला. आणि २०१६ च्या त्या ब्रिटिश विमानाच्या नमुन्यांवरून काढलेला भारताचा आकडा २००८ च्या अंदाजाच्या कित्येक पट निघाला.

मी कोणत्याही कारखान्यावर बोट ठेवत नाही, कारण बोट ठेवायला आकडाच नाही. हेच माझे दुःख आहे. रात्री वास आला की गावकरी म्हणतात कारखान्याचा, कारखाना म्हणतो आमचा नव्हे, आणि सकाळी वारा फिरलेला असतो. दोन तासांनी एक आकडा पडणारे ठाणे असेल तर निर्दोष असलेल्याचीही सुटका होईल.

विरोधाचे सूर मी ऐकले आहेत. आमचे एक नातेवाईक तावातावाने म्हणाले, “वाडीवर एप्रिलमध्ये टँकर येतो, दवाखान्यात डॉक्टर टिकत नाही, आणि तुला वरच्या हवेतले दाणे मोजायचेत!” त्यांचा संताप खरा आहे, टँकरही खरा आहे. पण ठाणे नाही म्हणून टँकर थांबलेला नाही, आणि ठाणे झाले म्हणून तो अडणार नाही. शिवाय तापलेल्या समुद्राचा पहिला तडाखा वाडीवरच बसतो. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते ज्यांनी अंगावर घेतले त्यांना पोफळीच्या बागांचे काय झाले ते विचारा. एका वादळाचे खापर एका वायूवर फोडता येत नाही, मी फोडणारही नाही. हवा तापवणाऱ्या वायूंचा हिशेब मात्र ज्यांचे नुकसान होते त्यांच्या हाताशी असावा.

दुसरा सूर जास्त शहाणा वाटतो: आपणच आपले आकडे मांडले तर श्रीमंत देश तेच आपल्यावर उलटवतील. सीएफसीचा बहुतेक साठा हवेत त्यांनीच सोडला, हे विसरता कामा नये. पण ज्याच्याकडे आकडा नाही त्याच्याविषयी दुसरा आकडा मांडतो, आणि मग आपण नुसते नाकारत बसतो. वाटाघाटीच्या मेजावर आपल्या सड्यावरची वीस वर्षांची अखंड नोंद घेऊन बसणारा माणूस वेगळ्या आवाजात बोलतो.

उपग्रह आहेत ना, असेही विचारतात. उपग्रहांना वरच्या थरांतले यातले काही वायू दिसतात, चांगले दिसतात. पण हा वायू महाडहून आला की मुंबईहून, एवढे बारीक ते सांगत नाहीत. ते काम खालूनच करावे लागते.

अडचणी मला दिसतात. यंत्र महाग आहे, परदेशातून येते. खारा वारा जो माझ्या एसीला सोडत नाही तो या यंत्रालाही सोडणार नाही. वीज जाते, वादळानंतर आठवडेच्या आठवडे जाते. म्हणून जागा किनाऱ्यापासून किंचित आत, सड्याच्या उंचीवर हवी, आणि खोलीला स्वतंत्र वीज. महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची ढगांची उंच प्रयोगशाळा २०१२ पासून आहे, त्याच संस्थेने सिंहगडावर हवेचे नमुने घेतलेले आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर एक आणि पायथ्याशी, समुद्राच्या तोंडावर एक, अशी जोडी जुळली तर घाट चढून जाणारी हवा दोनदा मोजता येईल. माणसे तयार आहेत, शास्त्र माहीत आहे. हवी आहे ती कायमची तरतूद, तीन वर्षांच्या प्रकल्पापुरती नव्हे.

आणि ठाणे उभे राहीपर्यंत बाटल्या भरता येतात. काबो द रामाला तेच केले होते. आमच्या गावामागे सडा आहे, त्याच्या टोकाला उभे राहिले की पश्चिमेला थेट अरबस्तानापर्यंत पाणी. तिथे दहा मीटरचा खांब, वरून खाली आणलेली पोलादी नळी, एक पंप, निर्वात केलेल्या बाटल्या. पंधरा दिवसांनी एकदा, वारा समुद्राकडून असताना दोन, जमिनीकडून असताना दोन. कॉलेजची मुले हे करू शकतात. बाटलीवर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि भरणाऱ्याची सही.

हे सगळे मी त्या पोराला गच्चीवरच सांगून टाकले. तो हत्यारे पिशवीत भरत होता. पंप माझ्याकडे आहे सर, म्हणाला. मी म्हटले, बाबा, तुझा पंप चालणार नाही, त्यात हाच गॅस मुरलेला आहे, जे मोजायचे तेच आपण बाटलीत सोडू. त्याला कोरा, तेलाशिवायचा पंप लागतो. त्याने पंपाकडे पाहिले, थोडा विचार केला.

“मग खांबावरच्या नळीचे सांधे मी बघतो,” तो म्हणाला. “गळती धरायचं काम माझं.”